गाणी कापायची ठरली तेव्हा

धसईत केबल आली आणि तिच्याबरोबर बारा नंबर आला. बारा नंबर म्हणजे केबलवाल्याचा स्वतःचा चॅनल. तो आपल्या खोलीत बसून सीडी लावायचा आणि वायर पोचेल तेवढ्या घरांत ती दिसायची. रोज दुपारी एक वाजता जुना पिक्चर. काळा-पांढरा असला तर लोक आणखी खूश. त्याची खोली आणि माझं शिलाईचं दुकान यांच्यामध्ये फळ्यांची एक भिंत होती, तेवढीच. त्यामुळे उद्या कुठला पिक्चर लावायचा यावरची सगळी भांडणं माझ्या दुकानात व्हायची, आणि त्यात सगळ्यात मोठा आवाज माझा असायचा. त्या आवाजाची आज मला लाज वाटते. का वाटते, तेच सांगायचंय.

माझे बाबा तिथल्याच भातगिरणीत उभी हयात राबले. गिरणीच्या धडधडाटानं त्यांचे कान गेले. जवळ जाऊन ओरडलं तर ऐकू यायचं, नाहीतर तोंडाकडे बघून अंदाज. आई मी चार वर्षांची असताना वारली. तिचा एकही फोटो आमच्याकडे नाही. पण ती एका पिक्चरमध्ये होती. एका गाण्यात, तिच्या माहेरच्या गावी, वैशाखऱ्याच्या शेतात, भात लावणाऱ्या बायकांच्या रांगेत. ते गाणं एकदा डोळ्यांनी बघायचं, एवढी एकच इच्छा बाबांनी म्हातारपणापर्यंत जपली होती. आता मला हे सगळं ठाऊक आहे. तेव्हा काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं.

केबलवाल्यानं दाराला सुतळीनं एक वही बांधली होती. ज्याला जो पिक्चर हवा त्यानं त्यात लिहायचं. वही कसली, नुसतं रणांगण! श्रावण लागला की एक पार्टी लिहायची, महिनाभर देवाधर्माचेच लावा. त्याखाली आमच्या बौद्धवाडीतली माझी मैत्रीण लिहायची, रोज रोज देव नको, आम्हाला हसायचा लावा. शाळेतले एक निवृत्त गुरुजी तांबड्या शाईनं शेरे मारायचे, की हा पिक्चर या वर्षात तिसऱ्यांदा लागला, केबलवाल्याची बुद्धी गहाण पडली काय. रडायच्या पिक्चरांसाठी पिको-फॉलला येणाऱ्या बायका भांडायच्या. “ताई, तुमी सांगा त्याला, तुमचं ऐकतो तो,” असं म्हणून सगळ्या मला चढवायच्या, आणि मी चढायची. सासरहून कायमची परत आलेली बाई होते मी. गावात माझं ऐकणारं कोणीतरी आहे, याची मला चटक लागली होती.

बाबाही वहीत लिहायचे. दर आठवड्याला तेच एक नाव, वेड्यावाकड्या अक्षरात. केबलवाला म्हणायचा, “आबा, ती सीडी कुठंच मिळत नाय.” बाबा मान हलवायचे आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा लिहायचे.

मग ते लोडशेडिंग सुरू झालं. दुपारी तीनला लाइट जायची ती सहाला यायची. एकला लावलेला जुना पिक्चर तीनपर्यंत कसा संपणार? ऐन शेवटाला, म्हणजे हरवलेला भाऊ सापडतोय न सापडतोय, तोच टीव्ही बंद. लोक माझ्या दुकानात येऊन विचारायचे, मेला का वाचला? मला काय माहीत! एकदा एका म्हाताऱ्या मावशीला मी ‘वाचला’ म्हणून ठोकून दिलं, तर गुरुजींनी चारचौघांत मला खोटं पाडलं.

अर्धा आज, अर्धा उद्या लावा, असं काही जण म्हणाले. पण बाजाराच्या दिवशी लांबच्या वाड्यांतून माणसं यायची, कोणाच्या तरी ओटीवर बसून पिक्चर बघायची. त्यांनी दुसरा अर्धा बघायला परत कधी यायचं? केबलवाला कंटाळला. म्हणाला, “ताई, तुमीच सांगा. काय कापू?”

मी सांगितलं, “गाणी काप. गाण्यात काय असतं? झाडाभोवती फिरतात आणि परत येतात. गोष्ट तिथल्या तिथंच.”

केवढा गहजब झाला! जुन्या पिक्चरात गाणीच तर बघायची, असं म्हणणारे एका बाजूला, गोष्ट पुरी पाहिजे म्हणणारे दुसऱ्या बाजूला. आठवडाभर माझी मशीन कमी चालली आणि तोंड जास्त. गाणीवाल्यांत सगळ्यात हट्टी होते बाबा. एरवी कशातच न पडणारा माणूस, रोज दुकानात येऊन बसायचा आणि बोट उगारून म्हणायचा, “गाणी कापायची नाय. सांगून ठेवतो. गाणी कापायची नाय.”

सगळे हसायचे. मीही हसले. नुसती हसले असते तर बरं होतं. मी सगळ्यांदेखत त्यांच्या कानाशी जाऊन ओरडले, “बाबा, तुम्हाला ऐकू तरी येतं का? बहिऱ्याला कशाला पाहिजेत गाणी?”

दुकानात हशा पिकला. बाबांनी माझ्याकडे बघितलं, मग खाली बघितलं. त्यांचं पडलेलं तोंड मला दिसलं होतं. पण जिंकायच्या नादात होते मी. बहिऱ्याला गाणी ऐकायची नसतील, बघायची असतील, एवढी साधी गोष्ट माझ्या टाळक्यात शिरली नाही.

शेवटी मी जिंकले. एका पुठ्ठ्यावर मीच मार्करनं लिहिलं, ‘गाणी वगळून पिक्चर पूर्ण दाखवला जाईल’, आणि तो पुठ्ठा दोन्ही दारांच्या मध्ये खिळ्याला लावला. एखादं तरी ठेवूया, असं केबलवाला म्हणत होता. मी म्हटलं, एक ठेवलंस की दुसऱ्याचं भांडण, सगळीच काप. तो रिमोट हातात घेऊनच बसायचा. गाणं सुरू झालं की बटण दाबायचा आणि पिक्चर पुढं उडी मारायचा.

दोन-तीन महिन्यांनी त्याला बाबांची सीडी मिळाली. कल्याणच्या एका लायब्ररीतून एका दिवसाच्या बोलीवर आणली होती त्यानं. बाबांना कळलं तशी त्यांनी सकाळी पुन्हा अंघोळ केली. पांढरा सदरा काढून माझ्याकडे दिला, इस्त्री मार म्हणाले. मी चिडवलं, “बाबा, पिक्चर बघायला चाललाय का पिक्चरमध्ये काम करायला?” ते लाजल्यासारखे हसले. साडेबारालाच येऊन माझ्या दुकानातल्या टीव्हीच्या अगदी पुढ्यात स्टुलावर बसले.

पिक्चर सुरू झाला. दोन गाणी उडाली, त्याचं त्यांना काही वाटलं नाही. मग कधीतरी पडद्यावर शेत आलं. पाणी भरलेली खाचरं, मागे डोंगर, आणि वाकलेल्या बायकांची लांब रांग. बाबा स्टुलावरून अर्धे उठले. तेवढ्यात पलीकडे बटण दाबलं गेलं आणि एकदम कोर्ट आलं, वकील आला.

“परत घे!” बाबा ओरडले. त्यांनी फळ्यांच्या भिंतीवर थापा मारायला सुरुवात केली. “परत घे रे! मागं घे!”

केबलवाला धावत दारात आला. “काय झालं आबा?”

बाबा धापा टाकत नुसतं टीव्हीकडे बोट दाखवत होते. आणि मी, हातातली कात्री खालीसुद्धा न ठेवता, म्हणाले, “काय नाय झालं. चालू दे तू. नियम म्हणजे नियम, मग माझा बाप असला तरी.”

बसलेल्या बायकांनी कौतुकानं माना डोलावल्या. केबलवाला गेला. बाबा पुन्हा स्टुलावर बसले आणि शेवटपर्यंत बसून राहिले. पिक्चर संपला, पाठोपाठ लाइट गेली. मी म्हटलं, “बघा, कसा टायमात बसवला!”

बायका पांगल्यावर बाबा हळूच म्हणाले, “त्यात तुझी आई होती गो.”

मग त्यांनी सांगितलं. लग्नानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात आई भाताच्या लावणीला माहेरी, वैशाखऱ्याला गेली होती. तिथं शूटिंगवाले आले. खरंखुरं भात लावणाऱ्या बायका त्यांना हव्या होत्या. सगळ्यांची डोक्यापाठीवरची इरली काढायला लावली, लुगडी दिसावीत म्हणून, आणि दिवसभर पावसात भिजवलं. आई परत येऊन सांगायला लागली, तर घरात सगळे तिच्यावर हसले. आत्यानं तिला थापाडी म्हटलं. “आन मी पण म्हटलं,” बाबा म्हणाले. “म्हटलं, उगाच थापा मारू नको. मग ती परत कधी बोलली नाय.”

“मला का नाही सांगितलंत? आधी का नाही सांगितलंत?” मी रडत ओरडले.

“गावभर झालं असतं. आन ती दिसली नसती, तर लोक पुन्हा तिलाच हसले असते. आदी माझं मी बघून घेणार होतो. गाणं उडायच्या आदी घडीभर तरी दिसंल, वाटलं होतं.”

मी तशीच शेजारी धावले. केबलवाल्यानं सीडी तीनच्या भाजीच्या टेम्पोबरोबर परत पाठवली होती. पुढच्याच महिन्यात तो पुन्हा कल्याणला गेला, तेव्हा ती कोणीतरी नेऊन हरवली होती. माझा पुठ्ठा मी त्याच दिवशी फाडला. बाबांची माफी मागायला मात्र माझी जीभ उचलली नाही. एरवी गावाला पुरून उरणारी जीभ.

त्यानंतर मी ती सीडी शोधत राहिले. मुरबाडला दुकानं पालथी घातली. खर्डीला एका लग्नाला गेले, तिथंही बाजारात विचारून आले. यात वर्षं गेली. मधल्या काळात घरांवर डिशच्या छत्र्या लागल्या, बारा नंबर बंद पडला, केबलवाल्यानं खोली सोडली. आणि बाबांना काचबिंदू झाला. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली टिकवू. तीही टिकली नाही. आधी कडेचं दिसेनासं झालं, मग समोरचं.

सीडी मिळाली ती शहापूरला, एस.टी. स्टँडसमोर जमिनीवर फडकं पसरून बसलेल्या माणसाकडे. मी तिथंच रस्त्यात रडले. तो बिचारा घाबरला.

घरी येऊन बाबांना टीव्हीसमोर बसवलं. त्यांच्या कानाशी तोंड नेऊन जे दिसेल ते सांगत होते. शेत आलं. “डोंगर हाय का मागं?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, हाय, वैशाखऱ्याचाच हाय. “मग खरं बोलत व्हती,” ते म्हणाले, आणि कितीतरी वेळ मान हलवत राहिले.

मग त्यांनी विचारलं, “ती दिसली का?”

रांगेत ओळीनं बायका. सगळ्या वाकलेल्या, सगळ्यांच्या डोक्यावर पदर, सगळ्या भिजलेल्या. मी गाणं मागे घेतलं, पुन्हा लावलं. त्यांचा हात माझ्या दंडावर होता. मी म्हटलं, “दिसली बाबा. मधोमध हाय. हसतेय.”

त्यांनी हात काढून घेतला. रागानं नाही, अगदी हळू.

“नाय गो. हसंल कशी? तोंड वर करायचं नाय, अशी ताकीद व्हती त्यांना. तिनंच सांगितलं व्हतं ना. तोंड कोनाचंच दिसायचं नाय त्यात. मी पाठीवरून वळखली असती.”

मी त्यांच्या पायाशी बसले. त्या दुकानातल्या दिवसाबद्दल, कात्री हातात धरून बोलले त्याबद्दल, सगळी माफी एकदम मागितली. त्यांना किती ऐकू आलं कोण जाणे. त्यांनी माझं डोकं चाचपलं आणि म्हणाले, “तुला तरी कशी वळखंल? तू बघितलीसच किती तिला?”

बाबा जाऊनही आता बरीच वर्षं झाली. गाण्यात एकोणीस बायका आहेत. मी एकेकीची पाठ बघत बसते, आणि एकीकडेही बोट दाखवून सांगता येत नाही, की ही नव्हे.