येताना पायी

ओहोटीला खाडीत होडी चालत नाही. एवढं एक वाक्य सरकारला समजावण्यात माझ्या उमेदीची दोन वर्षं गेली, आणि अजूनही ते समजलंय असं मला वाटत नाही. मालवणात शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. भरतीला होडी जाते-येते. ओहोटी लागली की मधल्या पट्ट्यात गुडघाभर चिखल उरतो, होडी कडेला कलंडून पडते आणि माणसं लुगडी-धोतरं वर खोचून चालत पलीकडे जातात. यात कुणाला कधी नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते ऑडिटला.

मी तेव्हा सरकारी दवाखान्यात बाळंतपणाची नर्स होते. सांगायला लाज कसली, मी नवऱ्याने टाकलेली बाई. सासर तळेऱ्याच्या पलीकडे. नवऱ्याने मुंबईत दुसरा संसार थाटला आणि सासूने मला गोठ्यात नेमलं. तिथून उठून, रत्नागिरीला शिकून मी ही नोकरी मिळवली होती. पण ती तात्पुरती होती. दोन वर्षं नीट गेली तर कायम करायचे, आणि सर्व्हिस बुकात वाईट शेरा आला तर नाही. कायम झाले तर जन्मभर माझा पगार माझ्या हातात. नाही झाले तर पुन्हा शेणाची पाटी डोक्यावर. मला दिवसभर कामात याचा विसर पडायचा, पण सकाळी डोळे उघडले की पहिलं हेच आठवायचं.

खाडीपलीकडची वाडी माझ्याकडे होती. होडीला एका खेपेचे दोन आणे पडत. ते आपल्या खिशातून द्यायचे आणि महिनाअखेर बिल करून सरकारकडे मागायचे. त्या बिलात तारीख, घर, काम, जाण्याचं वाहन आणि येण्याचं वाहन असे रकाने असत. मी जसं घडलं तसं लिहायचे. कधी दोन्ही वेळेला होडी, कधी जाताना होडी आणि येताना पायी. बाळंतीण काही भरती बघून अडत नाही.

आमचे हेडक्लार्क मालवणचेच, वयाने माझ्या वडिलांएवढे. साहेब समोर असले की छापील मराठी बोलायचे आणि साहेबांची पाठ वळली की घरातल्यासारखे. पहिल्याच बिलाला त्यांनी मला बाजूला बोलावलं.

"बाय, दोन्ही येळची होडी लिव गो. सगळे तसाच लिवतत."

"पण मी येताना चालत येते."

"चल मगे. चालूक कोण नको म्हणता? लिवताना मातर होडी लिव. येकदा होडी, येकदा पायी, ह्या बघितल्यान की ऑडिटर पिसाळता."

माझ्या अंगात एक खोड आहे. 'सगळे तसंच करतात' असं कुणी म्हटलं की माझा हात ते करायला उठतच नाही. आणि हिशेबाचा मला राग नव्हता, उलट कौतुक होतं. सासरी मी सहा माणसांचं राबले, पण आज काय केलंस, किती चाललीस, असं मला कधी कुणी विचारलं नाही. इथे सरकार विचारत होतं. विचारतंय तर खरं सांगावं, एवढीच माझी अक्कल.

दुसऱ्या वर्षी ऑडिट झालं आणि माझ्या नावाने आक्षेप आला. हेडक्लार्कांनी तो मला वाचून दाखवला. अमुक तारखेच्या भेटीत जाण्याचं होडीभाडं घेतलं आहे, येण्याचं घेतलेलं नाही, सबब परतीचा प्रवास सिद्ध होत नाही. शिवाय गावच्या जन्मनोंदीत त्या दिवशी कुणाचाही जन्म नाही. सबब ही भेट झालीच नसावी. खुलासा करावा.

मी तारीख बघितली. त्या दिवशी जन्माची नोंद नव्हती, कारण ते मूल रडलंच नव्हतं.

मी पोचले तेव्हाच उशीर झाला होता. पहिलटकरीण होती, माझ्यापेक्षा लहान. मूल गेलेलं होतं आणि तिचं रक्त थांबत नव्हतं. मी तिच्या पोटावर हात दाबून बसले ते माझे खांदे भरून येईपर्यंत. तिची सासू कोपऱ्यात देवाचं नाव घेत होती. अखेर रक्त थांबलं. ती वाचली, आणि वाचल्यावर तिने मला विचारलं, "माजा खंय आसा?" मी तिला खरं सांगितलं. मग दुपारी खाडी सुकल्यावर औषधांची पेटी डोक्यावर घेऊन चालत परत आले. वाटेत कुणी नव्हतं म्हणून मोठ्याने रडले. बिलात लिहिलं: जाताना होडी, येताना पायी.

आणि घाटावरच्या कुणी एकाने शाईने लिहिलं होतं की मी तिथे नव्हतेच. दोन आण्यांचं मला काहीच वाटलं नाही. पण या शेऱ्याने मी पेटले.

मी खुलासा लिहिला: खाडीत ओहोटीला पाणी नसते. त्यावर उत्तर आलं, खुलासा समाधानकारक नाही. मी पुन्हा तेच लिहिलं, जरा मोठ्या अक्षरात. होडीवाल्याच्या कानावर ही गोष्ट गेली तेव्हा तो बिचारा दवाखान्याच्या पायरीवर येऊन बसला. "बाय, तुमका चिठी होयी तर देतंय मी. दोन्ही खेपेची. माजा काय जाता?" त्याला मी चहा पाजून परत पाठवलं. तेवढ्यात सासरहूनही निरोप आला. नोकरी सुटते म्हणे, तर गोठा मोकळाच आहे. इतक्या लांब ही बातमी कुणी पोचवली देव जाणे. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. भीती वाटत होती, ती लपवून काय करू?

शेवटी ऑडिटर साहेब स्वतः आले. मला वाटलं होतं कुणी उग्र माणूस असेल. निघाला एक किडकिडीत, सभ्य गृहस्थ, पोटाच्या तक्रारीमुळे ताक तेवढं पिणारा, पायात नवेकोरे बूट. मला म्हणाला, "बाई, राग मानू नका. सरकारचा पैसा म्हणजे लोकांचा पैसा. दोन आणे असोत की दोन लाख, मला विचारावंच लागतं."

"विचाराच," मी म्हटलं. "पण चला आणि बघा."

सकाळच्या भरतीला आम्ही होडीने पलीकडे गेलो. त्याने माझ्या बिलातली घरं एकेक करून तपासली. सगळीकडे पोरं अंगणात धावत होती, आया येऊन माझ्याशी बोलत होत्या. तो कागदावर खुणा करत होता, आणि मनातून खूश दिसत होता. राहिलं ते एकच घर.

त्या घराच्या दगडी कुंपणाशी, गडग्यापाशी, मी थांबले. अंगणात ती पोर आमच्याकडे पाठ करून बसली होती, चटईवर आमसुलं पसरत. तिने अजून आम्हाला बघितलं नव्हतं.

"चला," साहेब म्हणाला.

"या घरात मी तुम्हाला नेणार नाही."

त्याने हातातला कागद माझ्यापुढे धरला. "अहो, हीच तर भेट सिद्ध करायची आहे. मी एकच विचारणार, या बाई त्या दिवशी आल्या होत्या का."

"ती हो म्हणेल. मग तुम्ही विचाराल, मूल कुठे आहे. नोंद का नाही. तुमच्या रकान्याला ते लागेल ना?"

खोटं बोलणारा माणूस नव्हता तो. "लागेल," तो म्हणाला.

"म्हणून नाही. तुम्हाला काय लिहायचं ते माझ्याबद्दल लिहा. तिला विचारायचं नाही."

"बाई, तुमची नोकरी आहे ही."

"माहीत आहे. माझीच आहे."

आवाज ऐकून ती वळली. "बाय! हयसर कित्याक उब्या रवल्यात? घरात येवा. ह्ये कोण?"

"कोण नाय गो. सरकारी मानूस, खाडी बघूक इलेलो. ओहटी लागली, आमी जातंव."

तिने साहेबाकडे बघून पदर सावरला आणि आत जाऊन दोन तांबे पाणी घेऊन आली. आम्ही गडग्याशीच उभ्याने प्यालो. साहेबाने काही विचारलं नाही. त्याबद्दल मी त्याला आजही बरं म्हणते.

खाडीवर आलो तर होडी चिखलात आडवी आणि होडीवाला घरी जेवायला गेलेला. साहेब पाण्याच्या जागी चिखल बघत किती तरी वेळ उभा होता.

"बूट काढा," मी म्हटलं.

"पायाला काही टोचलं तर?"

"कालवांच्या शिंपा आहेत, थोडं टोचेल. पण बूट राहणार नाहीत."

त्याने ऐकलं नाही. कागदांची पिशवी डोक्यावर धरून तो उतरला आणि अर्ध्या वाटेत त्याचा डावा पाय रुतला. पाय निघाला, बूट निघाला नाही. मी कोपरापर्यंत हात घालून शोधला. मिळाला नाही. मला हसू आलं, ते मी दाबलं नाही. मग तोही हसला. मी त्याचा हात धरून त्याला पुढे ओढत नेऊ लागले, आणि चालता चालता तो एकदम म्हणाला, "बाई, मी दोन्ही वेळची होडी लिहिणार."

"काय?"

"माझ्या बिलात. माझंही बिल कुणीतरी तपासतो, आणि त्यानेही समुद्र बघितलेला नाही. तुम्हीही तेच करा. होडीवाल्याची चिठी जोडून बिल दुरुस्त करून द्या. मी आजच शेरा मागे घेतो. पुढच्या महिन्यात कायम व्हाल."

चिखलात उभं राहून तो मला अगदी मनापासून सांगत होता. वाईट माणूस नव्हता, हेच तर वाईट होतं. एक क्षण माझ्या डोळ्यांपुढे तो गोठा आला, सासू आली. हो म्हणायचा अवकाश होता.

"साहेब," मी म्हटलं, "जिथे मी रक्तात हात घालून बसले होते तिथे मी नव्हते म्हणता. आणि ज्या होडीत बसले नाही तिच्यात बसले म्हणून लिहायला सांगता. हा कसला हिशेब? मी नाही लिहिणार."

"मग माझा नाइलाज आहे."

"असू दे. पाय उचला, भरती लागेल."

त्याचा शेरा राहिला आणि माझं कायम होणं एका वर्षाने पुढे गेलं. पगारातून दोन आणे कापले. पगार घेताना सही करायची, तिथे मी 'वसुली मान्य नाही' असं लिहिलं. हेडक्लार्क म्हणाले, "अगो, असा लिवूक ह्येच्यात जागा नाय." मी म्हटलं, समास आहे. ते कपाळाला हात लावून बसले.

पुढच्या वर्षी त्याच घरून बोलावणं आलं. मी निघाले तेव्हा खाडी सुकलेली. पेटी डोक्यावर घेऊन चालतच गेले. या खेपेला मी वेळेत पोचले. मुलगी झाली, आणि ती अशी काही रडली की सासू म्हणाली, "ह्या पोराचो गळो बघ!" बाळंतिणीने माझा हात धरून ठेवला होता तो सोडेना. परत निघाले तेव्हा भरती आली होती. होडीवाला पैसे घेईना. मी म्हटलं, "घे रे, सरकारचे आहेत." तोवर नवे पैसे आले होते, पण तो आपला आणेच मोजायचा.

बिलात लिहिलं: जाताना पायी, येताना होडी.

हेडक्लार्कांनी ते वाचलं आणि हात जोडले. "बाय, ह्या महिन्यात तुजा कायमचा ठरतला. आता तरी ऱ्हवांदे." मी बिल तसंच पाठवलं. आणि आक्षेप आला! ऑडिटर नवीन होते. जाण्याचं होडीभाडं घेतलं नाही, सबब जाणं सिद्ध होत नाही. न जाता परत कशा आलात, खुलासा करावा.

मी त्याच दिवशी खुलासा केला. खाडीत ओहोटीला पाणी नसते. मुलीचा जन्म गावच्या नोंदीत आहे. ओहोटीबाबत आपल्या कार्यालयाच्या मागील साहेबांकडे चौकशी व्हावी. त्यांचा डावा बूट अद्याप खाडीत आहे.

त्यावर उत्तर आलं नाही. महिन्याभराने मला कायम केल्याचा हुकूम आला. तो मी हेडक्लार्कांच्या टेबलाशी उभी राहून वाचला, घडी करून ब्लाउजमध्ये ठेवला, आणि पोस्टात जाऊन एक कार्ड घेतलं. सासरचा पत्ता लिहिला आणि मजकूर एका ओळीत संपवला: गोठ्याला दुसरं माणूस बघा.