आई आणि अ‍ॅपमधली मुलगी

एकट्याने फिरणाऱ्या बायकांसाठी अ‍ॅप करायचं, ही कल्पना माझीच. प्रवासात निघालेल्या एकटीला जवळपासची दुसरी एकटी दिसावी. दोघींनी मिळून जीप करावी, चहा घ्यावा, नाही पटलं तर आपापल्या रस्त्याला लागावं. कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीत, एका दातांच्या दवाखान्याच्या वर आमचं ऑफिस होतं. आमचं म्हणजे माझं आणि माझ्या कॉलेजातल्या मित्राचं. स्क्रीन मी आखायचे, कोड तो लिहायचा आणि भांडायचं काम दोघांकडे होतं.

अडचण अशी होती की अ‍ॅप रिकामं होतं. उघडलं की समोर नुसता नकाशा, माणूस एकही नाही. अशा ठिकाणी कोण कशाला थांबेल? मग आम्ही मिसळीचं नवीन हॉटेल टाकणारा करतो तसं केलं. तो पहिल्या दिवशी पुढच्या टेबलांवर आपलेच नातेवाईक बसवतो, आम्ही खोट्या प्रवासिनी बसवल्या. अ‍ॅप कुठेही उघडा, त्यातली एखादी तुमच्या आसपास दिसायचीच. त्यांची माहिती मी लिहिली होती. एकीवर माझा जरा जास्तच जीव होता. नुकतीच नोकरीला लागलेली, घरच्यांशी वाद घालून निघालेली, आणि स्वतःबद्दल एवढंच सांगणारी: ‘पहिल्यांदाच एकटी निघालेय, थोडी भीती वाटते.’ मित्राने या सगळ्यांना ठरावीक उत्तरं देऊन ठेवली होती. पैसे गुंतवणाऱ्यांना दाखवताना गप्पा चाललेल्या दिसल्या पाहिजेत, म्हणून.

खरी चाचणी घ्यायची वेळ आली तेव्हा ओळखीतली एकही बाई तयार होईना. अ‍ॅपचं कौतुक सगळ्यांनी केलं, जायचं नाव कोणी घेईना. तेव्हा आई म्हणाली, मी जाते. मला वाटलं माझी फिरकी घेतेय. बाबा गेल्यापासून ती नाशिकरोडला मावशीकडे जायचं म्हटलं तरी मला बरोबर न्यायची. पण तिने पिशवी भरली, दशम्या आणि चटणी बांधून घेतली आणि पेठची एसटी पकडली. पेठच्या पुढे डोंगरातल्या एका गावात बायकांच्या मुक्कामाची घरगुती सोय होती. पेठहून तिथे काळीपिवळी जीप जाते.

दुपारभर आम्ही तिचा ठिपका बघत बसलो. तो घाटातून गेला, पेठला टेकला, पुन्हा हलला. मला फार अभिमान वाटत होता, आईचाही आणि अ‍ॅपचाही. मग ठिपका एका फाट्यावर थांबला. आम्ही खाली जाऊन चहा पिऊन आलो, तरी तिथेच. फोन लागेना. मुक्कामाच्या घरीही लागेना. मित्र म्हणाला, रेंज गेली की ठिपका शेवटच्या जागी अडकतो, काकू केव्हाच पोचल्या असतील. पटण्यासारखं होतं, पण मला पटलं नाही. मी त्याला चाचणीतले मेसेज उघडायला लावले.

आईने ‘थोडी भीती वाटते’ म्हणणाऱ्या त्याच मुलीला मेसेज केला होता. ‘बाळा, तू कुठे आहेस?’ उत्तर आलं होतं: ‘मी जवळच आहे! भेटूया का?’ आईने लिहिलं होतं, ‘हो. मी पुढच्या फाट्यावर उतरते. तू येईपर्यंत थांबते. घाबरू नकोस.’ आणि त्यावर आमच्या यंत्राने आनंदाने कळवलं होतं: ‘मस्त! लवकरच भेटू!’

दाखवण्यापुरत्या ठेवलेल्या त्या पोरी आईला दिलेल्या अ‍ॅपमधून काढायच्या राहिल्या होत्या. कोणाकडून राहिल्या यावर आम्ही जिन्यातच एकमेकांवर ओरडलो. दवाखान्यातले पेशंट गाल धरून आमच्याकडे बघत होते.

गाडी तो चालवत होता. थंडीचे दिवस, ऊन लवकर उतरत होतं. त्या बाजूच्या जीपा अंधार पडायच्या आत बंद होतात, हे मला माहीत होतं, कारण अ‍ॅपमधली ती सूचना मीच लिहिली होती. आई ती वाचून गेली होती. तरी ती उतरली होती आणि आता हलणार नव्हती, याबद्दल मला जराही शंका नव्हती. शाळेत शिकवायची तेव्हा सहलीत एक पोर कमी भरलं तरी तिने बस सुटू दिली नसती, मग मुख्याध्यापक कितीही तापोत. फाट्यावर काय असतं? एक दगड, एक पाटी, आणि कोण येईल-जाईल त्याचा भरवसा नाही.

मी सारखी फोन लावत होते. मित्र म्हणाला, त्या मुलीच्या नावाने मेसेज टाकू, मी सुखरूप पोचले, तुम्ही पुढे जा. मला त्याचा इतका राग आला की मी त्याला गाडी थांबवायला सांगितली. मग मलाच कळेना की थांबून करायचं काय. गाडी थांबली नाही. मी त्या मुलीचं खातं माझ्या फोनवर उघडलं, तो मेसेज लिहिला आणि पाठवला. स्वतःच्या नावानेही एक पाठवला: आई, तिथून निघ, कोणी येणार नाहीये. दोन्ही मेसेज पोचले नसल्याच्या खुणेवर अडकून बसले.

घाट संपता संपता फोन वाजला. तिकडे क्षणभर रेंज आली असावी आणि आमचे मेसेज पोचायच्या आत पुन्हा गेली असावी. आईचा मेसेज होता, पण मला नव्हता, त्या मुलीला होता. ‘अंधार पडतोय. रस्ता चुकली असशील तर आहेस तिथेच थांब आणि कोणा बाईमाणसाला विचार. मी इथून हलत नाही.’ त्याच्याखाली यंत्राचं उत्तर लगेच उमटलं: ‘मी जवळच आहे!’

मला रडू आलं. मित्राने वेग वाढवला. घाटरस्त्यात एरवी मी त्याला दटावलं असतं.

फाट्यावर पोचलो तेव्हा डोंगर काळे झाले होते. एक टेम्पो उभा होता आणि पिंपळगावकडे द्राक्षांच्या कामाला निघालेली माणसं गाठोडी आणि पोरं वर चढवत होती. त्यांच्यातल्या एका बाईने मला पाहिलं आणि हात करून बोलावलं. तिच्या मागे, दगडावर, शाल गुंडाळून आई बसली होती.

“बाईंना लय सांगितलं,” ती बाई म्हणाली, “शेवटली जीप हाय, बसा म्हनलं. नाय बसल्या. पोरगी यायची हाय म्हनत्यात. आमी बी आता निघनार, मंग हितं कोन?”

टेम्पोवाला हॉर्न देत होता. ती बाई चढली आणि टेम्पो निघाला. आईने माझ्याकडे पाहिलंही नाही. ती आमच्या गाडीच्या मागच्या सीटकडे वाकून बघत होती. दशम्यांचं फडकं तिच्या मांडीवर तसंच बांधलेलं होतं. दुपारपासून तिने खाल्लं नव्हतं, ती पोर भुकेली असेल म्हणून.

“तुम्हाला सापडली का ती?” तिने विचारलं.

मी म्हणाले, “आई, अशी कोणी मुलगी नाहीये. ती मी लिहिली होती. उत्तरं मशीन देत होतं.”

तिला ते समजायला वेळ लागला. मी समजावत होते आणि मधेच थांबत होते, कारण तोंडाने सांगताना ते फार घाणेरडं वाटत होतं. वाटलं, आता आई चिडेल. चिडली असती तर बरं झालं असतं. तिने उठून गाडीचं दार उघडलं, आत बसली, आणि काचेतून त्या रिकाम्या फाट्याकडे बघितलं. टेम्पोचा आवाजही आता येत नव्हता.

“म्हणजे इतका वेळ मी एकटीच होते?” ती म्हणाली.

मी तिच्या शेजारी बसून तिचा हात हातात घेतला. तोवर ती घाबरली नव्हती. आता तिने दुसऱ्या हाताने दाराचं लॉक लागलंय का ते चाचपलं, आणि नाशिक येईपर्यंत ती ते पुन्हा पुन्हा चाचपत राहिली.