फोटोतलं कुलूप

चार बाया पारावर बसल्या की एक किस्सा निघतो, त्याच्या मागं दुसरा. फोटोवाला येऊन गेल्यापासून तर एवढे झालेत की आधी कोणता सांगावा हेच कळत न्हाई. हसू येतं, पण अंगाचा तिळपापड बी होतो.

*

आमचं पोस्ट म्हंजे सुमनच्या घराची पुढली खोली. सुमन आमची पोस्टमास्तर. तो पोरगा गळ्यात कॅमेरा अडकवून शहरातून आल्ता. म्हणे, खेड्यातली पोस्टं मरून राह्यलीत, त्याचे फोटो काढतो. सुमननं त्याला चहा पाजला. चहा पिऊन त्यानं कोपरे बघितले आन् विचारलं, "ताई, जाळी-जळमटं नाहीत का कुठं?"

सुमन म्हणाली, "सकाळीच काढली. येतो म्हून एक कार्ड टाकलं असतंस तर ठिवली असती."

*

मंग त्यानं बाहेरचा लाल डबा उघडायला लावला. आत काहीच न्हाई. खूश होऊन धडाधड फोटो काढले. आरं, सुमन रोज डबा काढती म्हून तर रिकामा! भरलेला असता तर म्हणला असता, इथं कुणी डबाच काढत न्हाई.

*

मला दारात बसवून म्हणाला, "आजी, पत्राची वाट बघताय असं तोंड करा." माझा ल्योक अंकुशनगरला कारखान्यावर हाय, रोज फोन करतो. मी म्हणलं, "बाबा, मी निराधाराच्या पगारीची वाट बघून राह्यले. तसलं तोंड चालंल का?"

*

सरकारनं सुमनला पगार वाटायला आंगठ्याची मशीन दिली, रेंज द्यायची राह्यली. खोलीत रेंज येतच न्हाई. मंग सुमन खोलीला कुलूप लावती आन् मशीन घेऊन मारुतीच्या पारावर बसती. म्हातारी माणसं तिथंच जमतात. साऱ्या गावाला ठावं हाय.

जायच्या दिवशी फोटोवाला खोलीवर आला, कुलपाचा फोटो काढला आन् गेला. पार हाकेवर होता, त्यानं मान सुद्धा वळवली न्हाई!

तो फोटो मोबाइलवर जिल्हाभर फिरला. खाली काय लिव्हलंय ते नातीनं वाचून दाखवलं: बंद पडलेलं पोस्ट. चालू पोस्टाला बंद म्हणले, आता खरंच बंद करतील. मंग आंगठा द्यायला जीपमधी कोंबून तालुक्याला, घनसावंगीला जायचं. आन् आमच्या कौसाबाईला तर डोळ्यानं दिसत बी न्हाई, तिनं कसं जावं?

*

तसंच व्हायची येळ आली. तो फोटो बघून तालुक्याहून पोस्टाचा साहेब आला. खोलीला कुलूप होतंच. विचारत विचारत पारावर आला. आम्ही साऱ्याजणी रांगेनं बसलेल्या, सुमन एकीचा आंगठा मशीनवर दाबून राह्यली होती. साहेब सगळ्यांच्या पुढं घुसला आन् म्हणाला, "इथलं पोस्ट कधीपासून बंद आहे?"

कौसाबाईनं आवाजाच्या दिशेनं हात लांबवला आन् त्याची बाही धरली.

"मधी घुसू नको. माझ्यामागं नंबर लाव."

साहेबानं बूट काढले आन् तिच्यामागं जाऊन बसला.