पट्ट्याखालचं पांढरं कडं

जुनी घड्याळं जमवणाऱ्यांचा फोनवर एक गट आहे आणि मी त्यात आहे. बहुतेक सभासद पुण्या-मुंबईचे. त्यांच्याकडे खोल समुद्रात चालतील अशी घड्याळं असतात आणि ती ते मखमलीच्या पेटीत, पंख्याच्या वाऱ्यापासूनही जपून ठेवतात. अंघोळीला जाताना तर हमखास काढतात. या मंडळींचा धर्म एकच, 'मूळ'. तबकडी मूळ हवी, काटे मूळ हवेत, चावी द्यायचं बोंडसुद्धा मूळ हवं. कुणी घड्याळाला पॉलिश करून आणलं असं कळलं की गटात सुतक पडतं. मी त्यांना हसतो. पण घड्याळ हाती आलं की मीही आधी भिंग शोधतो.

गेल्या हिवाळ्यात माझ्याच वर्गात शिकून गेलेला एक जण रस्त्यात भेटला. आता तो रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात एका ट्रॉलरवर तांडेल आहे, म्हणजे बोट त्याच्या हुकमावर चालते. शाळेत असताना माझ्या हुकमावर काहीच चालत नसे, हे आम्हा दोघांनाही आठवत होतं.

"सर, तुम्ही जुनी घड्याळं घेता ना? आमच्याकडं एक हाय. घेऊन टाका."

मांजरीची पिल्लं लोकांच्या गळ्यात घालताना माणसं ज्या सुरात बोलतात, त्या सुरात तो 'घेऊन टाका' म्हणाला. घड्याळ त्याच्या थोरल्या भावाचं होतं. भाऊ तरुणपणी जहाजावर होता, तेव्हा त्यानं ते कुठल्याशा परदेशी बंदरात घेतलं होतं. पुढे तो याच ट्रॉलरवर खलाशी झाला, आणि मागच्या वैशाखात जाळं ओढताना पाण्यात गेला. मिरकरवाड्यात हे सगळ्यांना ठाऊक होतं. बोटींनी शोधलं, पार गुहागरपर्यंतच्या किनाऱ्यावर फोन गेले. कुठल्याच वाळूवर काही आलं नाही. त्यामुळे त्याची बायको अजून हिरव्या बांगड्या घालत होती, आणि देह मिळाल्याशिवाय त्यांना हात लावायची कुणाची छाती नव्हती.

घड्याळ मात्र मागे राहिलं होतं. पट्टा तुटला म्हणून भावानं त्या दिवशी ते बोटीवरच्या पेटीत काढून ठेवलं होतं आणि पावसानंतर बोट पुन्हा पाण्यात घातली तेव्हा ते सापडलं, असं तांडेलानं घरी सांगितलं होतं.

व्यवहार घरी येऊनच करायचा, अशी वहिनीची अट होती. मी गेलो तेव्हा त्यांची म्हातारी आई दारात सुकट निवडत बसली होती.

"मास्तर, या. थोरल्याचं घड्याळ बघायला आलात? घड्याळ ठेवून गेला तो. ज्याला परत यायचं असतं तोच ठेवून जातो."

तांडेल खाली बघून पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होता. भिंतीवर हार घातलेला फोटो नव्हता. खुंटीवर इस्त्री केलेला शर्ट मात्र होता, आणि त्यावर धूळ नव्हती.

वहिनीनं रुमालात गुंडाळलेलं घड्याळ माझ्यापुढे ठेवलं.

"घरावर पत्रे घालायचे हायत म्हणून देते सर. पण ह्याच्यातलं काय बदलायचं नाय. काच नको, काटे नको, रंग नको. चालतं करा, बास. ह्ये आले की हातात घेऊन म्हणाले पायजेत, माझंच हाय. त्या वक्ताला तुमचे पैसे परत देऊन मी घेऊन जाईन."

आमच्या अख्ख्या गटाचा धर्मग्रंथ तिनं चार वाक्यांत सांगून टाकला होता. फरक इतकाच, की गटाला हे सगळं शौकापायी हवं असतं.

"वहिनी, सर साफ करून घेतील ना जरा," तांडेल म्हणाला.

"साफ नको," ती म्हणाली. "चालतं."

घरी येऊन मी आधी पट्ट्याकडे पाहिलं. तो नवा होता, बाजारातला, चकचकीत काळा. मूळ नाही म्हणून मी स्वतःशीच नाक मुरडलं आणि तो काढला. पट्टा अडकतो तिथल्या खोबणीत, एका बाजूला, एक पांढरं कडं होतं. डाळीच्या दाण्याएवढं, दगडासारखं टणक, कडेला बारीक रेघा. घड्याळाच्या बाकीच्या अंगावर सुरीनं खरवडल्यासारखे ओरखडे होते. मी फोटो काढून गटावर टाकले. गट गहिवरला. 'प्रामाणिक वापराच्या खुणा' असं एकानं लिहिलं. पांढरं कडं हा जुना डिंक असावा आणि त्याला हात लावू नये, असा निर्णय पुण्याहून आला.

आमच्या बाजारपेठेतले घड्याळजी पांढरा डगला घालून बसतात. पाटीवर 'घड्याळांचे डॉक्टर' असं आहे, आणि दुकानात शिरलेल्या माणसाला ते रुग्णाचा नातेवाईक समजतात.

"रुग्णाला काय होतंय?"

"चालत नाही. पण आतलं-बाहेरचं काही बदलायचं नाही. पॉलिश तर मुळीच नाही."

"सर, तुम्ही लग्नाला असेच जाता का हो, दाढी न करता?"

"मी जातच नाही."

त्यांनी पाठीचं झाकण फिरवून उघडलं. त्यांनी भिंग माझ्याकडे दिलं. चाकांवर तांबूस बुरशीसारखा गंज होता, आणि झाकणाच्या आटेदार कडेवर पांढरी पूड. त्यांनी ती बोटाच्या टोकावर घेऊन जिभेला लावली.

"मीठ."

"रत्नागिरीत हवेतच मीठ आहे."

"आहे ना. माझ्या जिन्याच्या लोखंडी कठड्याला पण आहे. पण हे हवेचं नाही. हे घड्याळ पाण्यात राहिलंय, सर. बादलीतल्या पाण्यात नव्हे."

ते पेटीत राहिलं होतं, असं मी म्हणालो नाही. का ते सांगता येणार नाही. ते बोलून टाकलं असतं तर डॉक्टरांनी पुढचा प्रश्न विचारला असता.

आतलं यंत्र तेवढं सोडवून धुवायचं, तेल द्यायचं, भाग तेच ठेवायचे, असं ठरलं. घड्याळाची बाहेरची डबी त्यांना त्यांच्या गरम द्रावणात टाकायची होती.

"हे पांढरं पण सुटून येईल. काय चिकटलंय कोण जाणे."

"ते राहू दे."

"राहू दे? त्याच्याखालचं पोलाद खाल्लं जातंय. बाहेरून काही दिसायचं नाही, आणि एक दिवस आरपार भोक."

"तरी राहू दे."

नातेवाईकांचं डोकं फिरलं की डॉक्टर ज्या नजरेनं पाहतात, त्या नजरेनं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी मांडवीच्या किनाऱ्याजवळ राहतो. संध्याकाळी फिरायला जातो, तशी त्याही दिवशी गेलो. ओहोटी होती. धक्क्याच्या खालच्या अंगाचे दगड उघडे पडले होते आणि त्यांच्यावर, भरतीचं पाणी चढतं तिथपर्यंत, हजारो पांढरी कडी चिकटली होती. डाळीच्या दाण्याएवढी, कडेला रेघा असलेली. मी ती वर्षानुवर्षं पाहत आलो होतो. बोटींच्या बुडाला हेच चिकटतं आणि हेच खरवडायला दर हंगामात माणसं लागतात, हेही मला ठाऊक होतं. हा शिंपलीसारख्या कवचातला जीव घट्ट धरतो तो समुद्राच्या पाण्यात, आणि त्याला त्यासाठी वेळ लागतो. पेटीत ठेवलेल्या घड्याळाला तो शोधत येत नाही.

अंधार पडेपर्यंत मी तिथे उभा होतो. पाणी परत चढायला लागलं आणि एकेक दगड झाकत गेलं. ते नेहमीच येतं, पण त्या दिवशी ते माझ्या पायाकडे येतंय असं वाटलं. मी चक्क मागे सरकलो.

घड्याळ चालू होऊन घरी आलं आणि दुसऱ्याच दिवशी तांडेल दारात हजर झाला. बसला नाही.

"साफ झालां ना सर? सगळां? चकाचक?"

मी घड्याळ उलटं करून, पट्टा बाजूला सारून त्याच्यापुढे धरलं. त्यानं ते कडं पाहिलं, आणि वर्गात उत्तर येत नसताना तो जसा उभा राहायचा तसा उभा राहिला.

"मी घासलेलां सर. सुरीनं. हे ऱ्हायलां वाटतं."

"पेटीत नव्हतं."

"नाय. जाळ्यात आलां. पावसानंतर, दुसऱ्याच फेरीला. चिखलात."

"फक्त घड्याळ आलं?"

त्यानं आधी दार लोटून घेतलं.

"सर, तेवढां विचारू नका. जे आलां तां मी परत सोडलां. खलाशांना शपथ घातली हाय. आयशीला काय सांगणार होतो? आणि वहिनीला? बांगड्या फोडा म्हणून मी सांगू? घड्याळ पण सोडणार होतो, हात झाला नाय. घरात नेलां, तीच चूक. तिनं कधी उलटून बघितलां तर? होडीवाल्याची पोर हाय ती. तुम्ही घासून घ्या ना. तुमच्या पाया पडतो."

त्याचा हिशेब सरळ होता. ते पांढरं कडं तिच्या नजरेला पडलं की ती विधवा, आणि म्हातारीचा थोरला मेला. नाही पडलं, तर तो येणार होता. मी त्याला विचार करतो म्हणालो. गटावर मी कितीतरी जणांना तोऱ्यात सांगत आलो होतो, की वस्तू जशी आली तशीच ठेवावी. आता जे ठेवायचं होतं ते माझ्या टेबलावर टिकटिकत पडलं होतं, आणि मी त्याच्यावर वर्तमानपत्र टाकलं.

घासायला नेलं नाही. त्या आठवड्यात घड्याळजींकडे जायला म्हणून मी दोनदा चपला घातल्या आणि दोनदा काढल्या. तेवढ्यात वहिनीच आली. सकाळची मासळी विकून, रिकामी टोपली घेऊन. ती ओट्यावर टेकली.

"चालतंय म्हणे. बघू."

मी मुद्दाम पट्टा घट्ट बसवून दिलं. तिनं आधी ते कानाला लावलं. मग माझ्याशी पाण्याच्या नळाबद्दल काहीतरी बोलत बोलत, अंगठ्याच्या नखानं पट्ट्याची बारीक काडी दाबली आणि पट्टा अलगद सोडवला. हे तिनं पहिल्यांदा केलेलं नव्हतं. खोबणीत बोट घालून तिनं चाचपलं.

"हाय," ती म्हणाली.

तिनं घड्याळ मांडीवर ठेवलं.

"बापाच्या होडीचं बूड मी खरवडलंय सर, परकरात होते तेव्हापासून. मला हे दिसायचं नाय? नवा पट्टा कोणी घातला? मीच. भावजींनी घासलंन, पण त्यांचं काम नेहमी अर्धंच."

"मग तुम्हाला—"

"भावजींना बोलू नका. त्यांना वाटतं मला ठाऊक नाय. तसंच वाटू दे, नाहीतर झोपायचे नायत. सासूबाई हायत तवर ह्ये येणार हायत."

"मग घड्याळ मला का दिलंत?"

"घरात ठेवलं असतं तर भावजींनी कधीतरी समुद्रात फेकलं असतं, नायतर घासून टाकलं असतं. मग माझ्याकडं काय ऱ्हायलं?" तिनं पट्टा परत अडकवला. "त्यांच्याबरोबर खाली होतं हे. वरती एवढंच आलंय."

घड्याळजींनी सांगितलेलं मी तिला सांगितलं. ते कडं खालचं पोलाद खातंय. ठेवलं तर एक दिवस भोक पडेल, काढलं तर घड्याळ टिकेल.

"किती दम धरेल?"

"माहीत नाही."

"सासूबाईंपेक्षा जास्त धरलं म्हणजे झालं," ती म्हणाली आणि टोपली उचलून निघाली. बांगड्या वाजल्या.

तांडेलाला मी सांगितलं, की आता काळजी नको. खोटं नव्हतं. त्यानं हवा तो अर्थ घेतला आणि त्या रात्रीचा पापलेट माझ्याकडे पाठवला.

पुढे पत्रे बसले म्हणून त्यांनी मला जेवायला बोलावलं. तांडेल पाट मांडत होता, वहिनी चुलीपाशी होती. म्हातारी दारात, तिच्या जागेवर.

"मास्तर, थोरल्याचं घड्याळ चालतंय ना?"

"चालतंय आजी."

त्या क्षणी दोघांनीही माझ्याकडे पाहिलं, तांडेलानं एका कारणासाठी, वहिनीनं दुसऱ्या, आणि एकमेकांकडे पाहायचं दोघांनी टाळलं. म्हातारीनं सुपातली सुकट हलकेच पाखडली. खडे एका बाजूला आले.

"मग झालं," ती म्हणाली. "फकत आता पुन्हा खारं पाणी लागू देऊ नका त्याला."