एका टाकीत लेकीचं घर

वजनकाटे दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला वर्कशॉपमध्ये सगळे 'ॲव्हरेज' म्हणायचे. समोरून कोणी आलं की हा आधी त्याची गाडी बघायचा आणि मग माणूस. "किती देते?" हाच त्याचा नमस्कार. समोरच्याने आकडा सांगितला की हा मान हलवायचा, आणि त्या हलण्यात थोडी सहानुभूती असायची. त्याची स्वतःची मोटरसायकल जुनी होती, टाकीही लहान, पण तिला पेट्रोल तो थेंबाथेंबाने पाजायचा. सिग्नलला इंजिन बंद. चाकातली हवा दर आठवड्याला तपासायची. ॲक्सिलरेटर असा पिळायचा, जणू झोपलेल्या माणसाच्या अंगावरची चादर सरकवतोय.

मागच्या सीटवर बायको. ती शिवणकामाच्या कारखान्यात कामाला होती. रोज सकाळी तो तिला तिथे सोडायचा आणि संध्याकाळी घेऊन यायचा. त्याची हत्यारांची जड पिशवी तिच्या मांडीवर असायची. सायकलवाले बाजूने पुढे जाताना बघून ती म्हणायची, "लोक बायकोला फिरवायला नेतात. तुम्ही पेट्रोलला फिरवायला नेता, मी आपली त्याच्या सोबतीला."

त्यांची एकुलती एक लेक लग्न होऊन माळापलीकडच्या गावी राहायची. गाव लांब होतं, पण त्याचं ठाम म्हणणं होतं की टाकी फुल असली तर मध्ये कुठेही न थांबता लेकीच्या दारात उतरता येतं. "एका टाकीत लेकीचं घर," असं तो वर्कशॉपमध्ये सगळ्यांना सांगायचा. बायकोने मात्र ते एकदाही सिद्ध करू दिलं नाही. माळ सुरू व्हायच्या आधी एक पेट्रोल पंप होता, रस्त्यावरचा शेवटचा. तो दिसला की ती त्याच्या पाठीवर थाप मारायची. "टाकी भरून घ्या. पुढे काही नाही."

"पुरतंय गं."

"नसेल पुरत तर ढकलायला मी येणार नाही."

मग तो कुरकुरत पंपावर वळायचा. पंपाशेजारी एका बाईची चहाची टपरी होती. बायको तिथल्या बाकावर पाय पसरून बसायची, गुडघे चोळायची आणि टपरीवालीशी गप्पा मारायची. तो गाडीभोवती फिरत राहायचा. निघायला हवं, निघायला हवं, असं म्हणत दुसरा चहा व्हायचा.

हिवाळ्यात बायकोला ताप आला. साधा ताप म्हणून अंगावर काढला, तो छातीत उतरला. दवाखान्यात नेल्यावर, होईल बरी, होईल बरी म्हणता म्हणता ती गेली.

तो लवकरच कामावर रुजू झाला. घरी बसून करणार काय? सकाळी एकटा निघायचा, हत्यारांची पिशवी टाकीवर ठेवायचा. कारखान्याकडे वळायचं नसल्यामुळे आता सरळ जायचं होतं, तरी कित्येक दिवस त्या चौकात त्याचा हात आपोआप इंडिकेटरच्या बटणावर जायचा.

दोन-तीन वेळा टाकी भरल्यावर त्याच्या लक्षात आलं की गाडी जास्त चालतेय. थोडीथोडकी नाही, चांगलीच. त्याने पुन्हा हिशेब केला, तेच आलं. तो मेकॅनिककडे गेला. हा मेकॅनिक त्याचा जुना दोस्त.

"कार्बोरेटरला काही केलंस का रे?"

"हात नाही लावला. का?"

"पासष्टच्या वर देतेय."

मेकॅनिकने शिट्टी वाजवली. "आयुष्यभर मागे लागला होतास, शेवटी मिळालं म्हणायचं. अरे, काही नाही, मागचं वजन कमी झालं ना..." आणि तो तिथेच थांबला. हातातला पाना त्याने उगाच फडक्याने पुसायला घेतला.

"हो," तो म्हणाला. "तेच असणार."

दिवसभर लोकांची वजनं बिनचूक दाखवणारे काटे दुरुस्त करणारा माणूस, पण ही एवढी गोष्ट त्याच्या डोक्यात आली नव्हती. त्या दिवसापासून त्याने कोणाला "किती देते?" विचारणं बंद केलं. वर्कशॉपमध्ये कोणी त्यालाच विचारलं तर म्हणायचा, "बघितलं नाही."

लेक सारखी बोलवायची. "बाबा, बसने या. इतक्या लांब गाडीवर नको." बसमध्ये शेजारी कोणीतरी बसणार, कुठे निघालात, एकटेच का, असं विचारणार. त्यापेक्षा गाडी बरी. एका रविवारी पहाटे त्याने टाकी काठोकाठ भरली आणि निघाला.

माळाआधीचा पंप दिसला, तेव्हा टाकीत बऱ्यापैकी पेट्रोल होतं. बाकावर कोणी नव्हतं. टपरीवाली पाठमोरी, स्टोव्हपाशी. त्याने मनाशी हिशेब मांडला: आता ॲव्हरेज वाढलंय, एकटाच आहे, सहज पोचू. हिशेब बरोबर होता. पण हिशेब नसता तरी तो तिथे थांबला नसता, हे त्यालाही ठाऊक होतं. तो मान वळवून दुसऱ्या बाजूला बघत पंप ओलांडून गेला.

माळावर वारा होता, समोरून छातीवर येणारा. गाडी टॉप गिअरला ओढेना, सारखी तिसऱ्यावर आणावी लागत होती. अपेक्षेपेक्षा फार लवकर इंजिन अडखळलं. त्याने खाली हात घालून पेट्रोलचा कॉक रिझर्व्हवर फिरवला आणि सीटवर पुढे वाकून बसला. झाड नाही, घर नाही. पुढच्या चढावर गाडीने दोन आचके दिले आणि बंद पडली.

त्याने झाकण उघडून गाडी हलवली. आतून आवाज नाही. मग त्याने ती डाव्या अंगावर पार आडवी केली, म्हणजे टाकीच्या पलीकडच्या कोपऱ्यात अडकलेलं पेट्रोल इकडे यावं. दुसऱ्यांना ही युक्ती शिकवणारा तोच होता. गाडी चालू झाली, जेमतेम चढाच्या माथ्यापर्यंत गेली आणि गप्प झाली.

एवढ्या वर्षांत हे पहिल्यांदाच घडत होतं. तो गाडी ढकलू लागला. दम लागला की थांबायचा, सवयीने मागे वळून बघायचा. ढकलायला येणार नाही म्हणालीस, ते खरं केलंस, असं तो मोठ्याने बोलला आणि स्वतःचाच आवाज ऐकून दचकला.

बऱ्याच वेळाने समोरून दुधाचे रिकामे कॅन घेऊन एक टेम्पो आला. टेम्पोवाल्याने काच खाली केली.

"पेट्रोल संपलं?"

"संपलं."

"पंप तर मागे राहिला. भरलं नाहीत?"

"वाटलं, पुरेल."

"सगळ्यांना तसंच वाटतं," टेम्पोवाला खाली उतरत म्हणाला. दोघांनी मिळून गाडी कॅनच्या मध्ये उभी केली आणि दोरीने बांधली. टेम्पो त्याला उलट्या दिशेने, त्याच पंपावर घेऊन आला.

टाकी भरून तो गाडीवर बसणार, इतक्यात टपरीवालीने हाक मारली. "भाऊ, इतक्या दिवसांनी! या, बसा." आता टाळणं शक्य नव्हतं. तो बाकाच्या टोकाला बसला. तिने ग्लास पुढे केला आणि रस्त्याकडे बघितलं.

"वहिनी कुठायत?"

"गेली ती," तो म्हणाला. हे दोन शब्द त्याने आजवर स्वतःच्या तोंडाने कोणाला सांगितले नव्हते.

"हो का? पुढे गेल्या बसने? बरं केलं. त्यांचे गुडघे कुठे सोसणार हा रस्ता! मग लवकर निघा, वाट बघत असतील."

त्याने चहा गरम असतानाच पिऊन टाकला. "हो," म्हणाला, "निघतो."

लेकीच्या दारात पोचायला दुपार टळली. ती दारातच उभी होती.

"इतका उशीर, बाबा? फोन तरी करायचा!"

"पेट्रोल संपलं."

"तुमचं?" तिला हसू आवरेना, जावईही हसला. तोही हसला. रात्रीच्या जेवणानंतर लेक त्याच्याजवळ येऊन बसली, तेव्हा त्याने तिला टपरीवरचं सांगितलं.

"मग तुम्ही का नाही सांगितलंत तिला?"

"ती इतक्या सहज म्हणाली गं, पुढे गेल्या म्हणून. मलाही क्षणभर खरं वाटलं."

तिसऱ्या दिवशी परतताना तो पंपावर थांबला. टाकीत पुष्कळ पेट्रोल होतं, तो सरळ टपरीकडे गेला.

"परवा मी नीट सांगितलं नाही," तो म्हणाला. "बायको बसने नव्हती गेली. वारली. हिवाळ्यात."

टपरीवालीने स्टोव्ह बारीक केला. हात पुसून ती बाकाच्या दुसऱ्या टोकाला येऊन बसली. "आणि मी मेली म्हणते, वाट बघत असतील."

"तुम्हाला काय माहीत."

दोघंही रस्त्याकडे बघत राहिले. एक ट्रक गेला, धूळ खाली बसली.

"माझा नवराही गेला," ती म्हणाली. "पण तो खरोखरचाच गेला. चपला घालून."

त्याला हसू आलं आणि तीही हसली. त्या दिवशी दुसरा चहा त्याने स्वतःहून मागितला. बायको तिथे बसून काय बोलायची, ते त्याने विचारलं. टपरीवालीला फारसं काही आठवेना. हवापाणी, गुडघे, ब्लाउजचं कापड, असलंच काहीतरी. एवढंच म्हणाली, की वहिनींना उठायची घाई कधी नसायची.

अंधार पडायच्या आत तो घरी पोचला. कुलूप काढलं, दिवा लावला, पिशवी कोपऱ्यात ठेवली. लेकीचा फोन आला.

"पोचलात?"

"पोचलो."

"जेवून घ्या मग. ठेवते."

"थांब," तो म्हणाला. "काही काम नाही. बोल की काहीतरी."

"काय बोलू, बाबा?"

"काहीही."

मग ती शेजारच्यांच्या मांजरीने गादीत पिल्लं घातल्याचं सांगू लागली. तो खुर्ची ओढून खिडकीपाशी बसला आणि ऐकत राहिला.