मागच्या फळीवरचं नाव

वाशीमच्या बसस्टँडमागं रहमतुल्ला मिस्त्रीचं दोन खोल्यांचं घर होतं. पुढच्या खोलीत बदरुन्निसाची शिवणाची मशीन, दारात नवऱ्याची जीप. मशीन रोज चालायची आणि तिच्यावर तीन लेकरं जेवायची. जीपचं मात्र काही सांगता येत नसे.

लिलावातल्या त्या जुन्या जीपवर मिस्त्रीनं दोनदा धंदा उभा केला, दोनदा तो बसला. त्याचा हिशेब मोठा सोपा. वाशीमहून मानोरा, पुढं पोहरादेवी, एस.टी.पेक्षा चार आणे कमी घ्यायचे. माणसं यायचीही. पण तेच चार आणे वाढवले की मिस्त्रीला रामराम घालून बिनदिक्कत एस.टी.त जाऊन बसायची. न वाढवावे, तर पेट्रोल भागत नसे. चौऱ्याहत्तर सालात पेट्रोल असं भडकलं की भरलेली जीपसुद्धा तोट्यातच धावू लागली.

जो पैसे घालील त्याचं नाव मागच्या फळीवर रंगवायचं आणि पहिल्या फेरीला हार घालून त्याला पुढं बसवायचं, हा मिस्त्रीचा रिवाज. आधी तिथं पंजाबराव होते. मग मानोऱ्याकडच्या तांड्यावरचा हरिसिंग आला, बैलजोडी विकून. त्याचे पैसे बुडाले तेव्हा तो भांडलाही नाही. फळीकडं बघत नुसता उभा राहिला. पंजाबरावांचं नाव बदरुन्निसानंच रॉकेलच्या बोळ्यानं पुसलं होतं. हरिसिंगचंही तिनंच पुसलं, पण त्यातला ‘ह’ काही निघाला नाही.

पुढच्या साली टायर गेले. मिस्त्रीची नजर मशीनकडं वळली.

"मशीनले हात लावान तं पाह्यजा," बदरुन्निसा म्हणाली. "खायचं काय मंग, तुमचे टायर?"

"एकडाव रामनवमीच्या जत्रेले चाल. आपल्या डोळ्यानं पाह्य. मंग नाई म्हन."

दुसऱ्याचे टायर चार दिवसांसाठी मागून आणले आणि ती गेली. पोहरादेवीला उतरून पाहते तर माणसंच माणसं. एका बाईनं आधी लेकरू आत दिलं आणि मग कुणाच्या खांद्यावर पाय देऊन स्वतः चढली. टपाच्या दांड्यांना माणसं लोंबकळत होती. जीप हलली तरी मागं पळत होती, "मिस्त्री, थांब ना बापा!"

जत्रा चार दिवसांची असते, हे बदरुन्निसाला काय माहीत नव्हतं? एरवी जीपच्या सीटवर कोंबड्या बसायच्या, त्या तीच रोज हाकलायची. पण त्या दुपारी कोंबड्या आठवल्या नाहीत. एवढी माणसं खोटी कशी असतील, एवढंच मनात आलं. आठ दिवसांत तिनं मशीन विकली.

नवे टायर चढले. जेठ लागायच्या आत कोंबड्या परत सीटवर आल्या. बदरुन्निसा दुसऱ्याच्या दुकानातली काज-बटणं घरी आणून कंदिलाशी डोळे फोडू लागली.

त्या पावसाळ्यात शेषराव आला. कोर्टातला शिपाई, लेकीच्या लग्नासाठी साठवलेले पैसे जवळ. जत्रेत जीपच्या पायरीवर एका पायानं उभा राहून आला होता.

"भाभी, मले तं बसाले जागा नोती! धंदा किती असंन!"

मिस्त्री घरात नव्हता. बदरुन्निसानं सुई खाली ठेवली. "शेषरावभाऊ, घालू नका. ते जत्रेचं सोंग हाय. गाडी भरली तरी तोटा, अन् रिकामी असली तं हायेच. पंजाबरावाचे गेले, हरिसिंगाचे बैल गेले. तुमी लेकीचं लगन करा."

तो सगळं ऐकून घेऊन हसला. "भाभी, एक सांगा. हे समदं तुमाले ठावं होतं नं?"

"होतं."

"मंग मशीन काहून इकली?"

बदरुन्निसानं सुई परत उचलली.

"पाह्यलं? मले दूर ठेवून राह्यल्या! तुमच्यासारखी हुशार बाई मशीन इकते, म्हंजे पानी हायेच तिथं." तो उठला, जीपच्या मागं गेला, फळीवरून बोट फिरवलं. "भाभी, हा ‘ह’ तेवढा काढून ठेवा. माहं नाव ठसठशीत आलं पाह्यजे."