सरळ केलेलं पान

गुलमंडीच्या एका बोळात, साड्यांच्या दुकानाच्या पायरीशी, शालू फॉल-बिडिंगचं मशीन घेऊन बसते. मशीनच्या खणात रिळांच्या शेजारी जुन्या रेशमी ब्लाउजपीसमध्ये बांधलेला एक गठ्ठा असतो. साडी घेऊन झाली तरी समोरची बाई घुटमळत उभी राहिली, की शालू ओळखते. बाईला आता पान काढायचं आहे.

भविष्य बघायच्या या चित्रांच्या पानांना टॅरो म्हणतात. आमच्या फुलंब्रीच्या माळावर हा शब्द कुणाच्या कानावरून गेलेला नव्हता. मी शालूच्या माहेरचा शेजारी, तो तिच्याच तोंडून ऐकला. ती कशी शिकली हे मला नीट ठाऊक आहे, म्हणून सांगतो.

शालू मेंढपाळाची लेक. बाप लवकर गेला. आई बानाबाई, तिनं मेंढरांमागं चालता चालताच लेकीला वाढवलं, दहावीपर्यंत शिकवलं आणि हर्सूलला दिलं. नवरा हनुमान नव्या इमारतींवर सेंट्रिंगच्या कामाला. त्या दिवसांत त्याला काम फार होतं. पाऊस सलग दुसऱ्या वर्षी फिरकला नव्हता, हर्सूलच्या तळ्याला भेगा पडल्या होत्या, पण शहर काही थांबत नव्हतं. टँकरच्या पाण्यावर भिंती उभ्या राहत होत्या. फुलंब्रीच्या रस्त्याला जिथं आमची मेंढरं चरायची, तिथं चुन्याच्या रेघा ओढल्या गेल्या आणि प्लॉटचे दगड रोवले गेले.

अशात शहराच्या छावणी भागात राहणारी संस्कृती नावाची एक मुलगी साड्या घेऊन यायची. बिडिंग होईपर्यंत पायरीवर बसून पानं पिसायची. शालू मशीन चालवता चालवता तिकडं बघायची. एकदा संस्कृतीनं नवा गठ्ठा घेतला आणि जुना हिच्या हातात ठेवला.

"रोज सकाळी एकच पान काढ," ती म्हणाली. "दिवसभर मनात ठेव. संध्याकाळी बघ, काय कळलं."

"चित्र उलटं निघालं, डोकं खाली, तर?"

"उलट्याचा अर्थ वेगळा असतो. पण तू नवी आहेस, सध्या सगळी सरळ करूनच वाच. आणि घरच्या माणसासाठी काढू नकोस. आपल्याला हवं तेच दिसतं."

शालू शिकू लागली. एका पानावर दोन गरीब माणसं बर्फातून चालली होती. शालूनं बर्फ कुठं बघितलेला? तिला वाटलं, जिनिंगवरचा कापूस उडतोय आणि ही हमाल माणसं आहेत. संस्कृती हसली नाही. म्हणाली, "बरं, कापूस. मग यांना थंडी का वाजतेय?" शालू दिवसभर त्या थंडीचा विचार करत फॉल लावत राहिली. दुकानाचे मालक पुंजाराम शेठ गल्ल्यावरून ओरडायचे, "शालूबाई, रमी लागली का न्हाई अजून?"

"लागली की शेठ, तुमचाच राजा आलाय. तोंड पाडून बसलाय."

उन्हाळा लागला आणि एका दुपारी बानाबाई हर्सूलच्या खोलीवर आली. पाणी प्यायली, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "शाले, तुज्या पानाला एक इचारायचं हाये."

"काऊन? देवाला काय झालं?"

"देवाला फूल न्हाई."

आमच्याकडं कळप हलवायचा किंवा मोडायचा तर खंडोबाला कौल लावतात. ओल्या हातानं देवाच्या दोन्ही खांद्यांना फूल चिकटवायचं आणि बघत बसायचं. उजवं पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. एकदा पडलेला कौल पुन्हा विचारत नाहीत. आणि फूल आपल्याच शिवारातलं लागतं, बाजारातलं चालत नाही. त्या साली सगळ्या शिवारात एक फूल नव्हतं.

बानाबाईचा प्रश्न सोपा होता. माळ संपला होता. चारा छावणीत गाईबैलं घेत होते, मेंढरांना कोण घेणार? बन्सी व्यापारी दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो घेऊन येणार होता. मेंढरं त्याला द्यायची आणि लेकीकडं येऊन राहायचं, की पैठणकडं गोदावरीच्या काठानं घेऊन जायची? वाटेत किती जगतील याचा भरवसा नव्हता. बानाबाईच्या गुडघ्यांचाही नव्हता.

शालूला आई घरात हवी होती. लग्न झाल्यापासून हवी होती. तिनं पानं पिसली, पसरली. आईनं डोळे मिटून एक ओढलं. शालूनं ते उचललं, बघितलं आणि आईसमोर ठेवलं.

पानावर एक माणूस होता. पाठमोरा, हातात काठी, डोंगराकडं निघालेला. मागं पेले मांडून ठेवलेले.

"काय म्हनतंय?"

"मागचं सोडून पुढं जा म्हणतंय, माय."

"मेंढरं कुठं हायेत ह्याची?"

"न्हाई दिसत."

बानाबाई बराच वेळ बघत बसली. मग उठली. "मंग दिली म्हनायची. उजवं पडलं ना गं?"

"व्हय," शालू म्हणाली.

आई संध्याकाळच्या गाडीनं गेली. शालू चुलीशी भाकरी थापत बसली आणि तो एक शब्द तिच्या मनात येत राहिला. उजवं. पान उलटं निघालं होतं. तिनं रोजच्या सवयीनं उचलता उचलता ते फिरवलं होतं. शिकवल्याप्रमाणंच केलं होतं, त्यात तिची काही चूक नव्हती. पण आईनं पान मागितलंच नव्हतं, कौल मागितला होता. आणि कौलात तर फूल कुठल्या अंगाला पडलं एवढंच बघायचं असतं. तिथं कुणी हात लावत नाही.

हनुमानला सांगितलं तर तो म्हणाला, "आई यायली ना इकडं? मंग बस की गप."

सकाळच्या पहिल्या गाडीनं ती निघाली. मेंढरांच्या वाड्यापाशी पोचली तेव्हा टेम्पोचं फाळकं उघडलेलं होतं आणि बन्सी एका मेंढीच्या पाठीवरून हात फिरवून मांस चाचपत होता.

"माय, थांब! पान उलटं निघालं व्हतं. म्या सरळ केलं."

बानाबाई काठी टेकून उभी राहिली. "मुद्दाम?"

"न्हाई. सवयीनं. पण पुन्हा उलटं करावं असं बी वाटलं न्हाई."

बन्सी हसला. "मावशी, पत्त्यावर धंदा करू राह्यल्या का तुम्ही?"

"तू गप रे." बानाबाई लेकीकडं वळली. "म्या बी रातभर येकटीच बसून त्या पानाचा अर्थ माज्याकडं सरकवत व्हते. येकटा मेंढका म्हागं चालतो, मेंढरं म्होरं. म्हनलं, ह्याची बी डोंगरापल्याड गेली असतील, म्हनून दिसंनात." ती खाली बसली. "दोघींचा हात लागला. मोडला त्यो कौल. आता पान ऱ्हाऊ दे. तुला काय पाह्यजे ते सांग."

शालू रडायलाच लागली. "तू पाह्यजे."

"हां. आन मला मेंढरं पाह्यजेत. हे कालच बोलायचं व्हतं की, बये."

बन्सीनं म्हातारी जनावरं नेली. बाकीची घेऊन बानाबाई पैठणकडं निघाली. पाऊस पडला की महिनाभर हर्सूलला येऊन राहीन, असा शब्द दिला. त्या साली पाऊस पडला, आणि बानाबाई आली. पार वाळली होती, आणि मेंढरंही सगळी परत आली नव्हती.

शालू आता गुलमंडीवर पान काढते तेव्हा आधी विचारते, "ताई, तुम्हाला काय हवंय ते मोकळं बोला." मग पान ज्या अंगानं निघेल तसंच ठेवते. त्याला हात लावत नाही.

पण मला आठवते ती त्या सकाळची शालू. मी माझ्या बांधावरून बघत होतो. आई पाठमोरी निघालेली, हातात काठी, समोर डोंगर, आणि मेंढरं टेकाडापलीकडं उतरलेली. शालूला नंतर विचारलं, तर म्हणाली, पान तेव्हा आठवलंच नाही. उन्हाचा आईनं डोक्यावर पदर घेतलाय का, तेवढंच ती बघत होती.